गुजरातला गेलेलं वादळ

मी, आर्थर पास्कल घोन्साल्विस, वय वर्षे शहात्तर, निवृत्त तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा कप्तान, राहणार उत्तन, समुद्राकडची शेवटची गल्ली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे. ते कायम ठिकाणावर होतं असा माझा दावा नाही. कोणाची जबरदस्ती नाही, नशापाणी केलेलं नाही. वकील निशिगंधाबाई समोर बसून दर दोन ओळींनी सांगत आहेत की एवढं लिहायची गरज नाही. मला आहे.

१. माझी पत्नी शर्लिन देवाघरी गेली. आम्हाला मूल नाही. जवळची माणसं म्हणजे थोरल्या भावाची विधवा गर्ट्रूडवहिनी आणि तिचा मुलगा कार्ल. दोघं शेजारच्याच घरात राहतात. बोंबील वाळवायच्या वहिनीच्या काठ्या माझ्या दारात येतात म्हणून मी एकदा दोर कापला आणि तिचे बोंबील वाळूत गेले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही, आणि पीळ माझाच होता.

२. समुद्राकडचं घर कार्लला. देताना मान खाली जाते. माझ्या लहानपणी घरासमोर होड्या ओढून ठेवण्याएवढी वाळू होती, आता भरतीचं पाणी पायरीला लागतं. विकू नको असं मी म्हणणार नाही, पण घेणाऱ्याला घर पावसाळ्यात दाखव. विनंती एकच: घरं सोडा असं सांगत भोंग्याची गाडी फिरली की सोडायचं. म्हाताऱ्या तांडेलाला विचारत बसायचं नाही.

ही विनंती का, तेही लिहितो. २०२१ च्या मे महिन्यात वादळाचा इशारा आला. गल्लीतल्या सगळ्यांना चर्चच्या शाळेत जायला सांगितलं. मी दारात खुर्ची टाकून बसलो आणि म्हणालो, "वादळ गुजरातला जातंय. आपल्याला कायपण व्हायचं न्हाय." तशी खात्री होती म्हणून नाही बोललो. शाळेच्या एकाच हॉलमध्ये वहिनीसमोर झोपावं लागलं असतं, म्हणून बोललो. पण मी पडलो तांडेल. माझ्या शब्दावर गल्लीतली बाकीची घरंही थांबली.

वादळ खरोखर गुजरातला गेलं. जाता जाता समुद्र आमच्या घरांत घालून गेलं. कार्ल आपली होडी दोरांनी खुंटाला बांधत होता, ते काम अर्धवट टाकून छातीभर पाण्यातून आला आणि मला पाठीवर घेऊन शाळेत नेलं. मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो. होडी खडकावर फुटली. कार्लने तिचा विषय कधी काढला नाही. कोणी मेलं नाही, ती देवाची कृपा, त्यात माझा काही वाटा नाही.

३. इंजिन, जाळी आणि हत्यारं कार्लला. फुटलेल्या होडीची भरपाई यातून होत नाही हे मला कळतं. बँकेतली ठेव माझ्या शब्दावर थांबलेल्या घरांना सारखी वाटावी. त्यातल्याच एका घरातला काशीनाथ म्हणतो, कशाला काका. त्या दिवशी त्याची आई कपाटावर चढून बसली होती. तो अजून मला काका म्हणतो, हे मला सहन होत नाही.

४. पेणकरपाड्यातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट गर्ट्रूडवहिनीला. तो शर्लिनने हट्टाने घ्यायला लावला. तेव्हा मी तिला हसलो होतो. तिकडची बरीच वस्ती खाजण आणि मिठागरं बुजवून उभी आहे. पुढचं वादळ वळलं नाही तर खाडीचं पाणी तिथेही शिरेल, तळमजले बुडतील. चौथ्या मजल्यापर्यंत येणार नाही असं मी सांगतो, आणि माझ्या सांगण्याची किंमत गावाला माहीत आहे. वहिनीने या वयात शाळेच्या फरशीवर झोपू नये. तोंडाने माफी मागवत नाही, म्हणून कागदावर देतो. याचीही लाजच वाटते.

५. उरलेलं सगळं कार्लला.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्याच हस्ताक्षरात. कलम चार ऐकवायला मी वहिनीला बोलावणं धाडलं. ती आली, वकीलबाईंनी वाचलं ते उभ्यानेच ऐकलं, आणि साक्षीदाराला काय मिळतं ते विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही, उलट ज्याला मृत्युपत्रात काही दिलंय त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा त्यावरचा हक्क जातो. वहिनीने टेबलावरचं पेन उचललं.

"मना तुजा फ्लॅट नको, आर्थर," ती म्हणाली. "कार्लला मीच धाडला. म्हटलं, होडी ऱ्हाऊ दे, आदी काकाला आण. शाळेत तुजी चटई माज्या बाजूला घातलेली. तू आत आलाच न्हाय."

कलम चार खोडायचं का, असं बाईंनी विचारलं. मी नको म्हटलं. कायद्याने ते आता पोकळ आहे, फ्लॅट कलम पाचप्रमाणे कार्लकडेच जाईल, पण मी काय देऊ केलं आणि तिने काय घेतलं नाही, ते कार्लला वाचता यावं.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: उत्तन, भाईंदर पश्चिम
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

(सही) आर्थर पास्कल घोन्साल्विस

साक्षीदार
१. (सही) डॉ. शशिकांत राऊत, राहणार भाईंदर
२. (सही) गर्ट्रूड घोन्साल्विस, राहणार शेजारी