करगोट्याच्या कड्या

आबा,

तर परत तेच! मी फोन कापला म्हणून तुमी साऱ्या आळीला सांगत फिरता. कापलाच होता. रेंज गेली नव्हती. व्हिडिओत तुमच्या गळ्याची हाडं दिसली आन मला वाटलं, साखरेच्या दुखण्यानं आबा हातचे गेले.

मग घरनं हर्षलाताईनं फोन करून तुमचा रिपोर्ट वाचून दाखवला. साखर खाली आली, वजन चौदा किलो उतरलं आन डॉक्टर खूश हाय. आता मला सांगा, हे जमलं कसं? परातभर भात खाणारा माणूस मूठभर भातावर उठतो कसा? रोज भिवपुरी स्टेशनापर्यंत चालत जाता, तर वाटेत गजाकाका चहाला हाक मारत नाय का? मारली तर काय सांगता?

ताई म्हणाली, पहिल्या पगारात मी केलेला चांदीचा करगोटा आंघोळीच्या वक्ताला कमरेवरनं घसरून पायात पडला. तरी सोनाराकडं कड्या कमी करायला तुमी तयार नाय. "पोराच्या कमाईला कात्री लावू काय?" म्हणता. आन सुतळीनं बांधता!

आबा, तुमचं पोट सुटलं तवा मीच मिरवायचो, बघा माझी कमाई. चुकलं माझं. कड्या काढा. विकू नका, डबीत ठेवा. मी आलो की मोजीन.

हे तोंडानं बोलायला जमत नाय, धाडायला पण धीर होत नाय. पत्र उशाखालीच राहील, पैसे तेवढे येतील.

तुमचा विपुल,
मोरबी

सोनाराच्या मजुरीला सहाशे रुपये.