मुंग्यांचा घरजावई

मोलिसेक, १६ जुलै

तीर्थस्वरूप मार्सियाल दादास,

धाकट्या रेमेईचा वाकून नमस्कार. (गुडघे वाकतात तेवढाच.) तुझ्या पायाची सूज उतरली का? सिस्का वहिनींची पाठ काय म्हणते? लेकीच्या लग्नाच्या गडबडीत दोघांनी वेळेवर जेवत जा. मी ठणठणीत आहे, फक्त तीन दिवस झाले, आनंदाने झोप लागत नाही.

दादा, तो सापडला! मुंग्यांचा घरजावई. तेच निळं फुलपाखरू, ज्याची अळी वारुळात शिरून महिनोन्‌महिने आयतं खाते (आणि मुंग्या खुळ्यासारख्या स्वतःच्या पोरांच्या आधी तिला भरवतात). अकरा वर्षं आमच्या गणतीच्या वाटेवर त्याचं दर्शन नव्हतं. यंदाही दिसला नाही तर वाटेच्या यादीतून त्याचं नाव कायमचं काढणार, असं शहरातल्या कचेरीने कळवलं होतं. एकोणीस वर्षं दर आठवड्याला तीच वाट तुडवून फुलपाखरं मोजणाऱ्या बाईला हे वाचून कसं झालं असेल, तूच विचार कर.

रविवारी ऊन होतं, वाराही पडलेला. मी आणि पेलेग्री निघालो (आपला निवृत्त पोस्टमन, मी बघते, तो लिहितो, अधूनमधून दोघं भांडतो). नियम तुला मी हजारदा ऐकवलाय: दोन्ही बाजूंना अडीच मीटर, पुढे पाच, चालता चालता तेवढ्यातलंच मोजायचं. सातव्या टप्प्यात जावईबापू दिसले, पण दगडी भिंतीपलीकडे. मी म्हटलं, लिही. पेलेग्रीने काठीने अंतर मापलं आणि मान हलवली. मी घड्याळ थांबवलं (ते थांबवायचं असतं फुलपाखरू नीट ओळखण्यासाठी, भांडण्यासाठी नाही, पण मला भान होतं कुठे) आणि पेलेग्रीच्या सात पिढ्या काढल्या. तेवढ्यात फुलपाखरू भिंत ओलांडून आलं आणि थेट त्याच्याच टोपीवर बसलं.

"आता तरी लिही की रे मेल्या."

"घड्याळ बंद आहे, रेमेई. बंद घड्याळातलं धरत नाहीत."

त्याला दरीत ढकलावंसं वाटलं, पण टोपीही गेली असती. शेवटी मी घड्याळ सुरू केलं आणि त्याला चालायला लावलं. बहात्तर वर्षांचा माणूस, मान ताठ, श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत निघाला. जावईबापू वर बसून टोपीचा घाम पीत होते. चौथ्या पावलाला पेलेग्रीने खाली न बघता, चाचपडत, वहीत एक रेघ ओढली. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही. (जावईबापू कसले, ती मादी होती. भिंतीपलीकडे परत जाऊन निळ्या घंटाफुलांच्या कळ्यांवर तिने अंडी घातली, मिठाच्या खड्यांएवढी पांढरी. मी भिंतीवर पोट टेकून बावीस मोजली.) अळ्या वारुळात जाईपर्यंत, म्हणजे ऑगस्टभर, ती फुलं उभी राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात घरजावयांची वरात निघेल.

वहिनींना नमस्कार, नवरीला अनेक आशीर्वाद.

तुझी,
रेमेई

ता. क. भिंतीपलीकडचं कुरण तुझंच. पाहुण्यांच्या मोटारी लावायला तू जे कापून घेणार होतास, तेच. दादा, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही (ओव्हन सोडून). गवत कापू नकोस. मोटारी खळ्यावर मावतील, उरलेल्या माझ्या अंगणात लाव.

आणखी एक. तुझा गवत कापणारा माणूस, ओत, काल यंत्र घेऊन कुरणाच्या फाटकाशी पोहोचला होता. मी धावत गेले, पण ऐन वेळी दुसरं काही सुचेना, म्हणून लग्न मोडलं असं सांगितलं. बिचारा हळहळला आणि माघारी फिरला. पण वाटेत त्याने पाद्रीबाबांना सांगितलं, आणि त्यांनी चर्चमधली तुमची तारीख संध्याकाळीच दुसऱ्या जोडप्याला देऊन टाकली. म्हणून हे पत्र पेलेग्रीबरोबर हातोहात पाठवतेय. पाद्रीबाबांना आजच फोन कर. वहिनींना मात्र तूच सांग, मला धीर होत नाही.