टोक नसलेली रेघ

प्रिय ठिणगी,

आधी झालं ते क्रमाने.

१. मंगळवारी सकाळी दहा वाजता पाणी खात्याच्या नव्या यंत्रणेची पहिली खरी चाचणी झाली. जागा: बेकरीमागची गल्ली. काम: गळका पाइप.
२. कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे, असं यंत्रणेला विचारलं. तिने दोन सांगितले.
३. दोन्ही बंद केले.
४. पाइपचा जोड उघडला.
५. पाणी मागच्या बाजूने आलं.
६. छत्रीसाहेब डोक्यापासून बुटांपर्यंत भिजले. छत्री गाडीत होती.
७. चूक माझी होती.

सहावा मुद्दा वाचून तू हसली असशील आणि सातवा दोनदा वाचला असशील. तू ठेवलेलं नाव खात्यात अजून टिकून आहे. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी आपल्या मुख्य अभियंत्यांच्या हातात ती काळी छत्री असतेच. त्या दिवशी तेवढी नव्हती. साहेब ओरडले नाहीत. चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, म्हणून तसाच परत घातला, आणि शांतपणे म्हणाले, हे पाणी कुठून आलं तेवढं तुमच्या यंत्रणेला विचारा. मी विचारलं. यंत्रणेने उत्तर दिलं, "या गल्लीत सध्या पाणी नाही." आधी फिटर हसला, मग बेकरीवाला, मग साहेबच. मी तेवढी उभी होते, हातात टॅबलेट धरून, फूटपट्टीसारखी सरळ.

व्हॉल्व्हवाले काका तिथेच होते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ज्यांनी तुला चावी फिरवायला दिली आणि मला फक्त वही धरायला दिली, तेच. तिसरा व्हॉल्व्ह राहिलाय हे त्यांना आधीच माहीत होतं. मग बोलला का नाहीत, विचारलं, तर म्हणाले, यंत्र बोलत होतं, मध्ये तोंड कशाला घालायचं.

आता कारण. नव्या अहवालात मला हे कुणालाही कळेल असं लिहावं लागलं, तेच इथे उतरवते. तुला पाठ आहे, तरी वाच. शहराचं पाणी म्हणजे ठिपके आणि रेघा: चौक, टाक्या, व्हॉल्व्ह हे ठिपके, पाइप या रेघा. अशी माहिती जशीच्या तशी साठवतो तो ग्राफ डेटाबेस, आणि त्याला प्रश्न विचारायची जी भाषा असते तिच्यात यंत्रणा विचार करते. दोन वर्षांपूर्वी दोन डेटाबेस तोलायचं काम आपल्या दोघींवर आलं. माझ्या पसंतीच्या पहिल्यात प्रत्येक रेघ म्हणजे एक वाक्य, हा ठिपका त्या ठिपक्याला पाणी देतो, आणि वाक्याला दिशा असणारच. तुझ्या पसंतीच्या दुसऱ्यात प्रश्न जवळजवळ चित्रासारखा काढता येतो: गोल, रेघ, गोल. आणि हवं तर रेघेचं बाणाचं टोक काढून टाकता येतं. आपला सगळा वाद त्या टोकावर होता. कॅन्टीनच्या वाफाळलेल्या काचेवर तू बोटाने चौक काढायचीस, रेघा ओढायचीस आणि मला चिडवायचीस, "पाण्याला बाण माहीत नसतो गं, फूटपट्टी." मी अहवालात लिहिलं, दिशा नसलेली रेघ म्हणजे अपुरी माहिती. वाक्य मला फार आवडलं होतं.

पहिल्या डेटाबेसवर अन्याय नको. त्यातही दोन्ही दिशा लिहिता येतात. प्रत्येक पाइप उलटसुलट दोनदा नोंदवायचा किंवा तसा नियम घालायचा. मी दोन्ही केलं नाही. पाणी टाकीकडून घराकडे येतं, यात नोंदवायचं काय, असं मला वाटलं. म्हणून उलट बाजूने येणारं पाणी यंत्रणेला दिसलंच नाही, आणि तिसरा व्हॉल्व्ह राहिला. बुधवारी सकाळी मी दोन्ही भाषांतले प्रश्न छापून काकांसमोर ठेवले. माझे कागद त्यांनी उलटे करून पाहिले, परत सुलटे केले आणि आदराने बाजूला ठेवले. तुझ्या चार ओळींवरून मात्र त्यांचं बोट घरच्या जिन्यावरून उतरावं तसं उतरलं. हा चौक, ही नळी, हा चौक. मग म्हणाले, "रेघेला टोक नाही दिलं ते बरं केलं. वरची टाकी अर्ध्यावर आली की पाणी इकडून फिरतं." ज्या माणसाने आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही त्याला जी भाषा तपासता येते, ती निवडायला आणखी कारण कशाला हवं होतं? तू तेव्हा हेच म्हणाली होतीस. तुझ्या चार ओळी कुठून आल्या, असं तुला वाटलं असेल. तुझी फाइल मी पुसली नव्हती. बुधवारपर्यंत उघडलीही नव्हती.

हे नीट सांगायला हवं. जुन्या अहवालात वेळेचा तक्ता होता. पहिला डेटाबेस, एक पूर्णांक एक सेकंद. दुसरा, चार पूर्णांक आठ. तो वाचून तू मला जिन्यापाशी गाठलंस आणि विचारलंस, "माझी क्वेरी, त्या चार ओळी, तू स्वतः चालवून पाहिलीस ना?" मी हो म्हणाले. तू खांदे उडवलेस आणि म्हणालीस, "फूटपट्टीने मोजलंय म्हणजे वाद संपला." पुढच्या महिन्यात तू राजीनामा दिलास. तुझी निवड हरली म्हणून तू रुसून गेलीस, असं इथे सगळे समजतात. तू माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून गेलीस, हे फक्त मला माहीत आहे.

मी ती चालवली नव्हती. चार पूर्णांक आठ हा अंदाज होता, तू छोट्या नकाशावर काढलेली वेळ मनाशी गुणून केलेला. वेळ नव्हता असं नाही. ती जलद निघाली तर काय, ही भीती होती. वर्गात, होस्टेलवर, इथेही, तू आधी पोहोचायचीस आणि मी मागून मोजत यायचे. एकदा मला आधी पोहोचायचं होतं.

काका उठून गेल्यावर बुधवारीच ती चालवली. शून्य पूर्णांक नऊ सेकंद. तीन व्हॉल्व्ह, तिसऱ्यासकट. मी ती अकरा वेळा चालवली. पहिल्या पाच वेळा खात्री करायला, पुढच्या सहा वेळा मजा वाटली म्हणून. मग फाइल खाली सरकवली, तेव्हा शेवटच्या ओळीखाली बरंच अंतर सोडून तू लिहून ठेवलेलं दिसलं: "टोक काढून टाक, नाहीतर एक दिवस भिजशील." मी इतक्या जोरात हसले की पलीकडचे लेखनिक बरं आहे ना विचारायला आले. तुमचा हा आवाज नवीन आहे, म्हणाले.

काल, शुक्रवारी, पुन्हा चाचणी झाली. तीच गल्ली, तुझ्या ओळी. काकांनी तीन चाव्या फिरवल्या. छत्रीसाहेब या वेळी उघड्या छत्रीखाली उभे राहिले, आणि कुणी हसायच्या आत म्हणाले, माझा विश्वास आहे, ही फक्त सवय आहे. जोड उघडला. थेंबभरही पाणी नाही. काकांनी पाइपमध्ये बोट घालून कोरडं बोट सगळ्यांना दाखवलं, बेकरीवाल्याने गरम पावांची टोपली बाहेर आणली, आणि त्या गर्दीत मी डाव्या बाजूला वळले, तुला काहीतरी सांगायला. तू नेहमी डाव्या बाजूला असायचीस.

पत्र लिहिलं, कारण फोनवर मी हे तीन वाक्यांत उरकलं असतं. उद्या तुझी आई तुझ्याकडे येणार आहे, काकूंच्याच हाती देतेय. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, पण पाकीट दोनदा उजेडात धरून पाहिलं. पुढच्या शुक्रवारी नवा अहवाल जातोय. दुसरा डेटाबेस आणि त्याची भाषा घ्यावी, अशी शिफारस आहे. तिसऱ्या पानावर लिहिलंय की जुना आकडा मोजलेला नव्हता आणि तो मी लिहिला होता. हे खरंच घालायचं का, असं साहेबांनी विचारलं. मी हो म्हणाले, आणि या वेळचं हो खरं आहे. तेव्हा ते म्हणाले की या कामाला प्रमुख हवी, जागा मंजूर आहे. मी त्यांना सांगितलं, ती माझी नाही. मी खोटं बोलले, ठिणगी, आणि ते दोन वर्षं तसंच ठेवलं. चुकले. शाळेत गणित शिकवताना तू खुशीत आहेस असं काकू सांगतात, त्यामुळे तुझं उत्तर नाही असलं तरी ते मी सरळ घेईन. प्रश्न दोन आहेत. अहवालावर तुझं नाव पहिलं घालू का? आणि तू प्रमुख म्हणून येशील का, मी तुझ्या हाताखाली असताना? दोन्हींचं उत्तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळव.

तुझीच, अजून जरा ओली,
फूटपट्टी