माझ्या नावाचं वाक्य

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजचा शब्द टिमिड. भित्रा, बुजरा. इंग्रजीच्या क्लासात सरांनी फळ्यावर लिहिला, खडू झटकला आणि वर्गावरून नजर फिरवली. ही नजर फिरते तेव्हा सगळे वहीत डोकं घालतात. मीही घातलं. उपयोग झाला नाही.
"रोहिणी इज सो टिमिड दॅट शी थँक्स द ऑटोवाला बिफोर सिटिंग."
वर्ग फुटला. शेजारी बसणारी मीनलसुद्धा हसली, मग हळूच सॉरी म्हणाली. नको तुझं सॉरी.
सरांची पद्धतच ही. रोज एक शब्द, पाच वाक्यं, प्रत्येक वाक्यात वर्गातल्या कुणाचं तरी नाव. "अपमान लागला की शब्द लागला," म्हणतात. स्टिंगी, कंजूष, म्हणजे हरीश. क्लम्झी, धांदरट, म्हणजे मीनल. आजपासून टिमिड म्हणजे मी.
वाईट हे, की खरंच लक्षात राहतं.

६ नोव्हेंबर
सीताबर्डीला मेट्रोच्या जिन्यात हरीश मागून ओरडला, "ओ टिमिड मॅडम!" चार अनोळखी माणसं वळून बघायला लागली.
घरी आल्यावर आई, "काहून तोंड पाडून बसली वं?" सांगितलं. बाबा जेवत होते. दिवसभर इतवारीत शेठच्या दुकानात उभं राहून साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या, त्यामुळे रात्री बोलायची ताकद नसते त्यांना. तरी बोलले.
"तो शिकवून राहिला ना? मंग ऐकून घे. शेठ मले रोज बोलते."
सरांचा आला नव्हता इतका राग बाबांचा आला. आजोबांचा हातमाग होता त्या खोलीत आता माझा पलंग आणि पुस्तकं. घरात पहिली बी.ए. मी. ती काय ऐकून घ्यायला?

८ नोव्हेंबर
नुकतीच सुरू झालेली नवी बॅच एक डिसेंबरपासून सकाळची होणार. सरांना शिकवायला मदतनीस हवी. ज्यांना हवं त्यांनी पुढच्या शनिवारी नव्या पोरांसमोर एक शब्द शिकवून दाखवायचा. मी नाव दिलं.
"तू?" सर म्हणाले. "आवाज निघतो का तुझा? लिही, लिही. मजा येईल."
हे मिळालं नाही तर काय, ते ठरलेलंच आहे. बाबांनी शेठजवळ शब्द टाकलाय. डिसेंबरपासून साड्यांच्या काउंटरवर मी, बाबांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच मान खाली.
आणि मिळालं तर... सक्करदऱ्यात आमच्या गल्लीतल्या मुलींचा रविवारी फुकट वर्ग. तिथे कुणाच्याही नावावर कुणी हसणार नाही. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

१२ नोव्हेंबर
सरांनी मला शनिवारसाठी शब्द दिला, डिस्पाइज. तुच्छ लेखणं, तिरस्कार करणं. रात्रीतून पाच वाक्यं केली. पहिलं बाबांवर. सुताचा धागा तुटलेला दिसला की ते ती साडी कशी दोन बोटांनी बाजूला सारतात, त्यावर.
सरांनी पाचही वाक्यांवर काट मारली. "हे कुणाच्या लक्षात राहणार? नावं कुठायत?"
माझं नाव घालते म्हटलं.
"स्वतःचं चालत नाही. माणूस स्वतःवर हसवतो तेव्हा लोकांना कीव येते. कीव आली की शब्द गेला." मग खिडकीतून नव्या बॅचकडे बघून, "ती शेवटच्या बाकावरची प्रतीक्षा. उमरेडहून येते, रोज उशिरा. तिला घे. सोपी आहे."
सोपी. हाच शब्द वापरला त्यांनी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रतीक्षा आजही उशिरा आली. तोंडावरचा स्कार्फ न सोडताच वही काढली, फळ्यावरची तारीखसुद्धा उतरवून घेतली. सर मागे, तिच्याच बाकाच्या बाजूला पाय पसरून बसलेले.
चार वाक्यं साधी सांगितली. मेलेली. एकजण उघड जांभई देत होता. सरांनी मागून प्रतीक्षाकडे बोट केलं. मी न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा बोट केलं.
"ऑल द स्टुडंट्स डिस्पाइज सर."
माझाच आवाज. पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. जांभई देणारा ताठ बसला.
आणि मग सर हसले. सगळ्यांत मोठ्यानं. टाळ्या वाजवत पुढे आले. "वा! आता हा शब्द हे पोट्टे मरेपर्यंत विसरणार नाहीत. पटलं ना मॅडम? पद्धत माझीच चालली. एक तारखेपासून या."
मी दगड मारला, त्यांनी तो उचलून स्वतःच्या भिंतीत बसवला.

१६ नोव्हेंबर
आईनं गल्लीत पेढे वाटले. बाबा किती दिवसांनी हसले. "मालकाले तोंडावर बोलून नोकरी लागते, हे मी पहिल्यांदाच ऐकून राहिलो!" मग लगेच गंभीर. "आता मात्र गुमान राहजो. एकदा जमलं, रोज नाही जमत."
मी माझा पेढा डब्यात परत ठेवला.

२९ नोव्हेंबर
सरांनी सोमवारचा शब्द सांगितला. टिमिड.
"तुझा आवडता," म्हणाले. अट तीच. पाच वाक्यं, पाच नावं, स्वतःचं नाही, त्यांचंही नाही. "एकच दिवस चुकलीस तरी दुसरी बसवतो. दोघीजणी विचारून गेल्यात."
जिन्यात प्रतीक्षा उभी होती. माझीच वाट बघत.
"मॅडम, त्या दिवशी सर माह्याकडे बोट करून राहिले होते ना? मले दिसलं होतं."
मी हजेरीची वही पिशवीत कोंबली. 
"सोमवारी वाक्यात कोण आहे?" तिनं विचारलं. रागानं नाही. बसची वेळ विचारावी तसं.
घरी येईपर्यंत तिचा राग येत राहिला. तिनं काय केलं होतं?

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून बसले आहे. हजेरीतली नावं पाठ झाली. प्रत्येक नावाला टिमिड बसतं. कुणालाही बसवता येतं, तीच तर सोय आहे.
एकच वाक्य पक्कं झालं. "रोहिणी वॉज टिमिड."
खाली चार ओळी रिकाम्या. त्यांत कुणाचंच नाव न घालता तशाच घेऊन जाईन.
बाबांनी दारातून विचारलं, "उद्या किती वाजता जायचं वं?"
सातला, म्हटलं.
"अन् मंग? रोजचंच ना? शेठले नाही सांगू ना?"
मी उठून चप्पल पुसायला घेतली.