टबमध्ये ओतलेलं ॲसिड

दादा,

बाबांच्या अंघोळीनंतर त्याच टबमध्ये उतरायला नको वाटलं म्हणून तू काल त्यात संडासाचं ॲसिड ओतलंस, वर तारेचा ब्रश मारलास. शाबास! चकाकी गेलीच, तळ किसणीसारखा खरखरीत झालाय. सकाळी बाबांच्या टाचा सोलवटल्या.

त्यांना घेऊन मी आत्याकडे चाललेय. चार वाजता टबला नवा थर देणारा माणूस येईल. त्याला खरं काय ते सांग, आणि तोवर अक्कल पाजळून आणखी काही ओतू नकोस.

बाबा विचारत होते, "माझ्यामुळे खराब झाला का गं?"

त्यांना रोज अंघोळ मी घालते. एकदाही किळस वाटली नाही. आज पहिल्यांदा वाटली, ती तुझी.

— धाकटी