तुझ्याकडची अर्धी डिक्शनरी

कोल्हापूर
रविवार, ता. ९ एप्रिल १९७८

कुरुंदवाड मुक्कामी लेकाच्या घरी सुखात असलेले (असावेत असा अंदाज) इलाही शिकलगार यांस केरबा बाईंडरचा रामराम आणि सलाम, दोन्ही. यातला हवा तो ठेव, नको तो परत पाठव.

सुलतानबीवहिनींचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा पाला गरम करून बांधायला सांगितलं होतं, ते बांधतात की नुसता पाला उशाशी ठेवून झोपतात? रफिकची कंबर सायकली उचलून धरली होती, ती सुटली का? मलिकाला आता सातवा लागला असेल. तिला पाण्याची घागर उचलू देऊ नका, आणि बाळाचं नाव ठेवायच्या भानगडीत तू पडू नकोस, तुझी निवड मला माहीत आहे. काळ्या शेळीचा पाय बरा झाला का? तुझ्या तब्येतीची चौकशी करायची नाही असं ठरवूनच बसलो होतो, पण शेळीपर्यंत सगळ्यांची करून तुला एकट्याला गाळलं तर घरात पत्र वाचणाऱ्यांना वाईट दिसेल, म्हणून विचारतो, खोकला कसा आहे? इकडे तुझ्या शालूवहिनीचे दात दुखतात, पण बोलण्यावर परिणाम नाही. मी बरा आहे. डोळ्यांना थोडं कमी दिसतं, त्याचं कारण पुढे येईल.

आता कामाचं लिहितो. हे काम तुझ्या थोरल्या बहिणीचं, हुसेनबीआक्काचं आहे, माझं नव्हे, हे आधी ध्यानात घे. तुला माहीत असलेलंच पुन्हा पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण तुझ्या तोंडून ते कुरुंदवाडात कसं पसरलं असेल याचा भरवसा नाही.

एका प्रोफेसराने बांधायला टाकलेली ती स्पॅनिश-इंग्रजी डिक्शनरी आठवते ना? गृहस्थ बदली होऊन गेला, पुस्तक न्यायला आला नाही, आणि आपण दोघे सात वर्षं माझ्या दुकानात रोज दिवेलागणीला त्यातलं एकेक पान वाचत बसलो. कोल्हापुरात स्पॅनिश बोलायला माणूस नव्हता, त्यामुळे आपण चुकतोय असं सांगणाराही नव्हता, आणि ते दिवस फार चांगले गेले. मग गेल्या वर्षी ती परदेशी सोलेदादबाई एसटीत आक्काच्या शेजारी तापाने फणफणत बसली होती, आक्काने तिला हाताला धरून गडमुडशिंगीला उतरवलं आणि अठरा दिवस घरात ठेवून तिची कावीळ उतरवली. आपल्याला तातडीने बोलावणं आलं. आपण गेलो, ती बोलली, आणि सात वर्षं शिकलेल्या भाषेतलं आपल्याला एक अक्षर कळलं नाही. (तू तिला उत्तर दिलंस, तेव्हा ती मराठी समजून हसली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.) पुढे कागदावर लिहून जमलं. तिच्या नावाचा अर्थ एकटेपणा, असं मी आक्काला सांगितलं तर म्हणाली, “पोरीचं असलं नाव कोण ठेवतं व्हय?” मग शेजारची नकुशी दारात येऊन उभी राहिली आणि आक्का गप्प झाली.

ती तिच्या देशी गेली, पहिलं पत्र आलं. बकरी ईदला पुन्हा येण्याची मला ‘ला एस्पेरांसा’ आहे, असं त्यात होतं. (ते लोक मनातल्या प्रत्येक गोष्टीच्या आधी ‘ला’ लावतात, आपण शालूबाई, विठाबाई म्हणतो तशी आशाबाई, लाजबाई, मैत्रीबाई. इंग्रज सगळ्यांना बिनबाईचं हाक मारतात. मला स्पॅनिश रीत बरी वाटते, भावनेला मान द्यावा.) डिक्शनरीत त्या शब्दापुढे दोन अर्थ होते, होप आणि एक्स्पेक्टेशन. तू म्हणालास पहिला घ्यावा, म्हणजे तिची नुसती आशा आहे. मी म्हणालो दुसरा, म्हणजे ती येणार धरून चाला. आक्काच्या तोंडाकडे बघून मी दुसरा वाचून दाखवला. ईदला आक्काने तिच्यासाठी ताट वाढून वर दुसरं ताट पालथं घालून झाकून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिली. स्वतः जेवली नाही. तू मला त्या दिवशी जे बोललास ते इथे लिहीत नाही, पोस्टमन कार्ड वाचतात आणि पाकिटंही उजेडाला धरतात. मी काय बोललो तेही लिहीत नाही. मग डिक्शनरीच्या वाटण्या झाल्या. भाऊभाऊ शेताचा बांध घालतात तशी आपण ती मधोमध कापली. मला स्पॅनिशवरून इंग्रजी आलं, तुला इंग्रजीवरून स्पॅनिश. मी जन्मात हजारो पुस्तकं जोडली, सुरी लावून तोडलं ते एवढं एकच.

तू आपला अर्धा घेऊन रफिककडे गेलास आणि मग माझ्या लक्षात आलं की आलेलं पत्र मला वाचता येतं, पण उत्तर लिहायचे शब्द कुरुंदवाडला आहेत. तुझ्याकडे बोलायचं सगळं आहे, पण समोरचा काय म्हणाला ते तुला कळायचं नाही. (शालू म्हणाली, तो पहिल्यापासून तसाच हाय.)

आक्का म्हणाली, “तिला लिव्ह, मी वाट बघितली.” आता चप्पल म्हणायचं असतं तर चप्पल काढून दाखवली असती, म्हैस काढली असती, मला म्हैस चांगली येते. पण वाट बघणं काढायचं कसं, माया काढायची कशी? विचार करून मी ईदचं चित्र काढलं. ताट, त्यावर पालथं ताट, शेजारी पाण्याचा तांब्या, दारात गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली आक्का. आपल्याकडच्या पाच वर्षांच्या पोराला दाखवलं तरी सांगेल की घरात कुणाची तरी वाट बघणं चाललंय. खाली माझी सही केली आणि विमानाने पाठवलं.

मार्च अखेरीला तिकडून हे एवढं खोकं आलं. आत पांढरे हरभरे, मासळीचे सहा डबे, मधासारख्या रंगाचं तेल आणि एक पत्र. बाईंच्या देशात ताट झाकत नसावेत. पालथं भांडं म्हणजे शिजवायला काही नाही, असा तिने अर्थ लावला, आणि दारात बसलेली आक्का उपाशी धरली. लिहिते की तुमची ही परिस्थिती असताना अठरा दिवस मी तुमच्या तोंडचं खाल्लं, याची मला ‘ला व्हेर्गुएन्सा’ वाटते. या खेपेला डिक्शनरीत एकच अर्थ होता. लाज.

हे मी आक्काला वाचून दाखवायला नको होतं, पण ती समोर बसली होती आणि मला खोटं वाचता येत नाही. (ईदचं खोटं नव्हतं, ती निवड होती.) खोक्याकडे तिने बघितलंही नाही. म्हणाली, “माझ्या घरात खाल्लेल्या घासाची तिला लाज वाटती?” आणि पदर तोंडाला लावला. सत्तर वर्षांच्या बाईला मी पहिल्यांदा रडताना बघितलं, नवऱ्याच्या वेळीही तू म्हणतोस रडली नव्हती. मग डोळे पुसून मला मजकूर सांगितला, तो जसाच्या तसा देतो. “तिला लिव्ह, हितं उपाशी कुणी न्हाय. घासाची लाज धरू नगं. राग न्हाय, रुसवा हाय. माया हाय तशी हाय. आन् न्हाई जमलं यायला तर न्हाई, पर सांगून न्हाई म्हण.”

तेव्हापासून मी माझा अर्धा उलटा वाचतोय. उजवीकडचे इंग्रजी अर्थ एकेक ओळ बघत जायचं, हवा तो अर्थ दिसला की डावीकडचा स्पॅनिश शब्द उचलायचा. विहिरीत पडलेली सुई पोहऱ्याने काढण्यातला प्रकार आहे, डोळे त्यानेच गेले. राग सापडला. लाज तिच्याच पत्रात होती. अडलंय ते रुसव्यावर. तो इंग्रजीतच नाही. इंग्रज रागावतो किंवा गप्प बसतो. रुसायचं तर समजूत काढायला येईल असं माणूस लागतं, तेव्हा कुठे रुसता येतं, आणि हे एवढं सगळं एका शब्दात घालायला त्यांना सवड झालेली दिसत नाही. स्पॅनिशमध्ये असेल तर मला माहीत नाही.

घाई का, तर सोलेदादबाई मे अखेरीला घर बदलणार आहे, नवा पत्ता ठरलेला नाही. पत्र जायला तीन आठवडे धर. या महिन्यात उत्तर गेलं नाही तर तिकडे ती लाज घेऊन बसेल आणि इकडे आक्का रुसवा घेऊन, आणि मध्ये कुणी उरणार नाही. खोकं फडताळावर तसंच आहे. आक्का त्यातल्या कशाला हात लावू देत नाही, कुणाला देऊही देत नाही. दर रविवारी बाजाराला आली की दुकानाच्या पायरीवर बसून विचारते, “गेलं का रं पत्र?” आजही विचारून गेली.

तरी तुझ्या अर्ध्यात बघून माया आणि रुसवा यांच्या जवळपासचे जे शब्द असतील ते एका कार्डावर उतरवून धाडावेस, एवढीच विनंती. वहिनींना नमस्कार, मलिकाला आशीर्वाद.

तुझा (वाटणीनंतर जेवढा उरलोय तेवढा)
केरबा

ता. क. डिक्शनरी टपालाने पाठवू नकोस, हरवेल. शब्दच पाठव.

ता. क. दुसरा. शालू म्हणते एवढे शब्द कार्डावर मावायचे नाहीत. आक्काचंही मत ती आज आली तेव्हाच विचारलं होतं. ती म्हणाली, “त्यालाच बलीव की. कागदावर किती दिस भांडणार तुमी?” तुझ्या कानावर घातलं.

ता. क. तिसरा. वरचं पत्र शालूने वाचलंय, हे वाचलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. होपच बरोबर होतं. तू सांगत होतास आणि मला कळत होतं, पण आक्काला ‘नुसती आशा’ म्हणून दाखवायचा धीर झाला नाही. त्या दिवशी ती उपाशी राहिली ती माझ्यामुळे. आणखी एक, मायेचा शब्द मला तिसऱ्याच दिवशी सापडला, कारिन्यो, पुस्तकात फार पुढे जावं लागत नाही. रुसवा तुझ्या अर्ध्यातही नसणार, मला तशी खात्री आहे. (एक्स्पेक्टेशन, होप नव्हे.) तेव्हा शब्द नकोतच. अर्धा घेऊन ये. पुठ्ठे कापून ठेवलेत, दोऱ्याला मेण लावलंय, वरचं कापड लाल घेतलंय. नुसत्या अर्ध्याला पाठ बसत नाही, हे तुला बाईंडरने सांगायला नको.

येत्या रविवारी आक्का बाजाराला येईल तेव्हा इथेच जेवणार आहे. तुझंही पान वाढून शालू वर ताट पालथं घालून ठेवणार आहे. चित्र काढत नाही, तुला कळेल. जमणार नसेल तर तसं सांगून नाही म्हण, पण लवकर लिही.