माथ्यावरचा दुसरा दगड

मी, भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेली मोजणीदार, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसं ठिकाणावर नाहीत, म्हणून हे आत्ताच उरकायचं. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला घरात दुसरं माणूसच नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी सांगितलं, तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेत उरेल ते सारं माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीला द्यावं. मला मूलबाळ नाही. मी इस्पितळात होते तेव्हा उशाशी तीच बसली आणि एकदाही "काकू, बऱ्या व्हाल" म्हणाली नाही, याचं मला बरं वाटलं. न्हाणीघराचं दार थोडं उचलून लावावं लागतं. मागची खिडकी उघडू नये, खाणीची धूळ थेट ताटात येते.

२. मोजणीची साखळी आणि दुर्बिणीचं यंत्र तिवईसह तंत्रशाळेला द्यावं. यंत्र डावीकडे किंचित खोटं बोलतं, हे त्यांना आधी सांगावं.

३. पहार आणि फावडं माझ्या पतींची. ती कोणाला देऊ नयेत, भंगारात घालावीत. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी आठवण म्हणून भिंतीवर टांगणार नाही.

माझे पती सुतार. त्यांचा जन्म डोंगराच्या माथ्याखालच्या वस्तीतला. जुनी हद्द माथ्यावरून जात होती आणि वस्ती तिच्या अलीकडे होती. नव्या नकाशात कोणीतरी हद्द खाली ओढ्यावर आणून ठेवली आणि अख्खी वस्ती खाणीच्या पट्ट्यात गेली. आम्ही दाद मागितली. अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "जुन्या हद्दीचे दोन दगड मूळ जागेवर उभे दाखवा, मी ती हद्द मानतो."

पहिला दगड काटेरी झुडपात सापडला, ताठ उभा. बाण कोरलेला, आकडा स्पष्ट. त्या दिवशी हे घरी येईपर्यंत शीळ घालत होते. पण एका दगडातून हव्या तेवढ्या रेषा जातात. हद्दीला दुसरा लागतो, आणि तो माथ्यावर असायला हवा होता. दर सुट्टीला आम्ही माथा धुंडाळला. वस्तीतले लोक आशेने भाकरी बांधून द्यायचे, पुढेपुढे नुसतेच बघायचे.

मग एकदा भाऊजींकडे, म्हणजे याच दिरांकडे, नळ घालण्यासाठी धुण्याचा ओटा फोडला. मधला दगड उलटला, तर खालच्या अंगाला बाण. आम्ही दोघंही तिथेच उभे होतो.

हे म्हणाले, "हा कुठून आणलास?"

भाऊजी खाली बघत म्हणाले, "माथ्यावरून. घर बांधलं तेव्हा. चांगला घडीव दिसला, म्हणून बैलगाडीत टाकला."

"आणि आम्ही शोधत होतो तेव्हा?"

"दादा, तुम्ही शोधायला लागलात तेव्हा तो ओट्यात बसून जमाना झाला होता. सांगून तो परत उभा राहणार होता का?"

जागेवरून हलला की तो नुसता दगड, हे मीच नोकरीभर लोकांना ऐकवलं होतं. तरी एक धागा उरला होता. जुने मोजणीदार दगडाखाली कोळशाचा थर घालायचे. कोळसा कुजत नाही. थर सापडला असता तर जागा सिद्ध झाली असती. हे भावाचा हात धरून त्याला माथ्यावर घेऊन गेले. भाऊजी इकडे बोट दाखवत, तिकडे दाखवत. "इथेच कुठेतरी. तेव्हा इथे झाडं होती, दादा." झाडं खाणवाल्यांनी तोडली होती. यांनी पहारीने माथ्याची चाळण केली. मुदत संपली, निकाल विरुद्ध गेला, वस्ती उठली. लोक कुठे कुठे पांगले, ते आम्हाला धड कळलंही नाही. तरी हे जात राहिले.

शेवटच्या आजारात यांनी मला विचारलं, "बुंध्यांवरून काही अंदाज येईल का गं?"

मी म्हटलं, "येईल. उठा तर आधी."

बुंधे सोडा, तोवर माथाच उरला नव्हता. त्याची खडी आमच्या दारासमोरच्या रस्त्यात आहे.

४. पहिला दगड अजून झुडपात उभा आहे. तो वाचवण्याच्या भानगडीत पुतणीने पडू नये. त्याच्यासाठी अर्ज, खेटे, वकील काही करू नये. यात एक जन्म घालवून झाला आहे.

५. भाऊजींना मी काहीही ठेवलेलं नाही. हे चुकून राहून गेलेलं नाही.

६. माझ्यामागे कसलेही विधी करू नयेत.

इथवर लिहून झालं तेव्हा एका साक्षीला डॉक्टर येऊन बसले होते, दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. शेजारी गावाला गेले आहेत. तेवढ्यात भाऊजी काठी टेकत आले, बऱ्याच वर्षांनी. दारातच उभे राहिले.

"वहिनी, पोरगी म्हणाली साक्षीला माणूस हवाय. मी चालेन का?"

"ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही," मी म्हटलं. "तुम्ही चालाल."

ते बसले. पाचवं कलम डॉक्टरांनी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि सही कुठे करायची ते विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांचा हात फार कापतो, म्हणून मी कागद धरून ठेवला.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून देणार: (सही) मोजणीदार
साक्षीदार १: (सही) डॉक्टर
साक्षीदार २: (सही, अस्पष्ट) धाकटे दीर
ठिकाण: राहतं घर
दिनांक: ९ नोव्हेंबर